पुढचं वाक्य

९ जानेवारी

अक्का,

आधी नमस्कार घे, मग तक्रार ऐक. गेल्या पत्रात तू विचारलंस, निवृत्त माणूस दिवसभर करतो तरी काय? निवृत्त माणूस दिवसभर चिडतो. सकाळी पेपर वाचून चिडतो, दुपारी टीव्ही लावून चिडतो आणि संध्याकाळी बागेत जाऊन, तशाच चिडलेल्या इतर म्हाताऱ्यांबरोबर चिडतो. मधल्या वेळात गुडघ्याला तेल लावतो.

बागही आता पहिल्यासारखी राहिली नाही. पूर्वी आम्ही एकाच बाकावर दाटीवाटीने बसायचो, कडाकडा भांडायचो आणि भांडण अर्धं राहिलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी पुरं करायचो. आता बाक दोन झालेत. कारंज्याजवळचा सरकारच्या बाजूचा, फाटकाजवळचा विरोधातला. आमचे पोस्टमास्तर आणि दातांचे डॉक्टर, ज्यांनी एकमेकांच्या मुलींची लग्नं जमवली, ते आता समोरासमोर आले की दोघेही एकदम चपलेचा पट्टा नीट करायला लागतात. मी दोन्हीकडे थोडा थोडा बसतो, त्यामुळे दोन्हीकडे माझ्यावर संशय आहे.

टीव्हीबद्दल तर विचारूच नकोस. मी उभा जन्म विंगेत काढला. प्रॉम्प्टरचं काम ते काय, नट विसरला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं, ते त्याला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. त्यामुळे खोड अशी लागलीय की कुणी बोलायला लागलं की मी शब्दांच्या आधी श्वास ऐकतो. त्या चर्चेत सहा जण सहा चौकटींत बसून घसा फोडतात आणि एकाचाही श्वास स्वतःचा नसतो. मी त्यांची पुढची वाक्यं त्यांच्याआधी म्हणून टाकतो. येतात बरोबर! बायको होती तेव्हा ती हसायची. आता किल्लीवाल्याला सांगतो.

किल्लीवाला म्हणजे आमच्या जिन्याखाली फुटपाथवर हातगाडी लावतो तो. नदीपलीकडचा आहे, पण त्याचे केस इथेच पिकले. माझ्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते, कारण एकटा माणूस बाहेर अडकला तर ठीक आहे, आत अडकला तर दार कोण उघडणार? दुपारचा चहा आम्ही बरोबर घेतो. राजकारणावर मी बोलतो, तो कानस घासतो. परवा म्हणाला, "साहेब, एवढं चिडता तुम्ही. ब्लडप्रेशर तुमचंच वाढतं, त्यांचं कुठे वाढतं?"

आता मूळ मुद्दा. तो मागे ठेवला कारण हात धजत नव्हता. तुझे चिरंजीव, आमचा चिमण्या, आमच्याच वॉर्डातून पालिकेच्या निवडणुकीला उभे राहिलेत. कुठल्या पक्षातून, ते तुला माहीत असेल किंवा त्याने लपवलं असेल. 'पलीकडच्यांना हटवा, रस्ता मोकळा करा' अशी पोस्टरं लावणारे ते. आमच्या जिन्यासमोरच्या खांबावर त्याचा हात जोडलेला फोटो आहे. खाली किल्लीवाला बसतो. मी घरातून निघालो की दोघांनाही नमस्कार करायचा की एकालाच, असा प्रश्न पडतो.

तुझा,
पुटपुट्या


१७ जानेवारी

पुटपुट्या,

माहीत होतं. त्याने फोनवर सांगितलं. "आई, समाजकार्य करतोय," म्हणाला. मी म्हटलं कर बाबा. मग इथल्या दुकानात कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला आणि मागचं पोस्टर वाचलं. वाचल्यावर घरी आले आणि भाताखालचा गॅस लावायचाच विसरले.

मी जन्मभर नर्स होते. रोगी "काही दुखत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या पायाची बोटं बघायची, ती आखडलेली असतात. पण पोटच्या पोराच्या बाबतीत मला काहीच कळत नाही. फोनवर बोटं दिसत नाहीत.

त्याची दुकानं दोनदा बसली, हे तुला ठाऊक आहे. बायकोसमोर मान खाली घालून जेवायचा. आता लोक त्याला "भाऊ, भाऊ" करत मागे फिरतात, गळ्यात हार घालतात. माणूस अशाने कुठेही जाईल. तेवढं मी समजू शकते. आवडत नाही, पण समजतं. मला भीती दुसरीच आहे. जे बोलतो ते त्याला मनापासून वाटतं का? नुसतं पोटापाण्यासाठी बोलत असेल तर एक दिवस परत येईल. वाटत असेल तर माझा मुलगा गेला.

तू त्याच्या जवळ आहेस आणि ऐकायचं तुला कळतं. एवढंच मला खरं खरं कळव. आणि जमलं तर त्याचं ते खूळ काढ डोक्यातून. तुझं तो ऐकतो. लहानपणी माझ्या माराला भ्यायचा नाही, पण मामा हसेल म्हणून शेंबूड पुसायचा.

गुडघ्याला नुसतं तेल लावून काही होत नाही. व्यायाम सांगितला होता तो कर.

अक्का


३० जानेवारी

अक्का,

व्यायाम करतो आहे. खोटं बोललो. आजपासून करीन.

चिमण्या येऊन गेला. घरात शिरताच म्हणाला, "मामा, तुझ्याशिवाय गत्यंतर नाही." मला वाटलं मत मागायला आला. मतासाठी नव्हे, तालमीसाठी आला होता! पक्षाच्या कुठल्याशा माणसाने भाषण लिहून दिलंय आणि वॉर्डातल्या मोठ्या सभेत ते कागद न बघता म्हणायचंय. वरचे पुढारी समोर बसणार. आणि तुला माहीतच आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला झाडाचं काम दिलं होतं, तेही तो विसरला होता.

मी आधी भाषण वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "हे तू बोलणार? आपल्या जिन्याखालच्या माणसाबद्दल?" म्हणाला, "मामा, किल्लीवाल्याबद्दल थोडंच आहे? हे जनरल आहे." जनरल! मी म्हटलं, जनरलमध्ये माणसं राहतात का तुझ्या? मग शेवटचं वाक्य मी बोट ठेवून दाखवलं. "नदीपलीकडून आलेल्यांनी नदीपलीकडेच दुकान मांडावं. हा रस्ता आपला आहे, आणि तो आपणच मोकळा करू." म्हटलं, हे तरी गाळ. "तेच तर त्यांना हवंय," म्हणाला. "बाकीचं कुणी ऐकत नाही."

इथे मी त्याला हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी तसं केलं नाही. त्याने म्हणायला सुरुवात केली, आणि अक्का, इतकं वाईट म्हणत होता! वाक्याच्या मध्येच श्वास घेतो, शेवट गिळतो, जोर नको तिथे देतो. माझ्याने राहवेना. तुझ्यासमोर कुणी वेडीवाकडी पट्टी बांधायला लागलं तर तू काय करशील? शत्रूच्या पायाला असली तरी सोडून नीट बांधशील. मी म्हटलं, "थांब, श्वास इथे घे. 'आपला आहे' म्हटल्यावर थांब, लोकांना तोंड उघडू दे, मग पुढचं म्हण." तो म्हणाला आणि खोलीत काटा आला माझ्या अंगावर. चांगलं वाक्य नव्हे ते. पण चांगलं म्हटलं गेलं.

रोज येतो आता संध्याकाळी. मी त्याला विरोधही करतो आणि तालीमही घेतो. तूच सांग, त्याच्याजवळ राहायचं तर दुसरा मार्ग कोणता? निदान दार उघडं आहे. त्याला वाटतं का, हे अजून कळलं नाही. अजून शब्दच पाठ होत नाहीत, तर त्यामागचं कुठून दिसणार?

तुझा,
पुटपुट्या


६ फेब्रुवारी

पुटपुट्या,

तुला खूळ काढायला सांगितलं होतं, घोकून घ्यायला नव्हे.

पट्टीचं सांगून मला गप्प करू नकोस. मी शत्रूच्या जखमेला पट्टी बांधीन, त्याच्या सुरीला धार लावून देणार नाही.

सभा झाली की लगेच लिही. फोन करू नकोस, फोनवर तू थापा मारतोस. लिहिताना तुझं अक्षर बिघडतं, म्हणून मला कळतं.

अक्का


१५ फेब्रुवारी

अक्का,

सभा झाली. शाळेच्या पटांगणात होती. मला पहिल्या रांगेत बसवलं, 'भाऊंचे मामा' म्हणून. मी जायचं नाही असंच ठरवलं होतं, पण तू लगेच लिही म्हणाली होतीस. आणि खरं सांगू? आपण बसवलेलं कसं होतं ते बघायचा मोहही होताच.

बोलला बरा. माईकशी दोस्ती जमली नाही, पण आवाज लागला. शेवटाकडे एकदा अडखळला, मग सावरलं. टाळ्या इतक्या पडल्या की मागच्या बाजूला खुर्च्या आपटत होते. वरच्या पुढाऱ्यांनी त्याला मिठी मारली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला विश्वास वाटो न वाटो, माझ्या मते त्याचं मन त्यात नाही. नुसतं पाठांतर आहे, आणि तेही कच्चं. ज्याला मनापासून वाटतं तो ऐन त्या वाक्याला विसरत नाही. तेव्हा तू निश्चिंत राहा. पोपटपंची आहे, उतरेल.

एवढ्यावर पत्र संपवणार होतो, पण मग तू म्हणशील थापा मारतो.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आरडाओरडा झाला. पंधरावीस जण असतील, गळ्यात पक्षाचे पट्टे घातलेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी नळाजवळच्या चपला शिवणाऱ्या बाईचं सामान उचलून फेकलं, मग किल्लीवाल्याकडे आले. त्याने काही म्हटलं नाही, उलट स्वतःच कुलपं गोळा करायला लागला. त्यांना तेवढीही फुरसत द्यायची नव्हती. गाडी उलटवली. सगळ्या किल्ल्या गटारात गेल्या. त्याचं मनगट चाकाखाली आलं. आणि ते ओरडत होते काय, तर "हा रस्ता आपला आहे", मग थांबत होते, आणि मग "आपणच मोकळा करू". बरोब्बर तिथेच थांबत होते, अक्का.

मी जिना उतरून खाली गेलो, तोवर ते पुढच्या गल्लीत गेले होते. गुडघा हे निमित्त. भराभर उतरता आलं असतं. भीती वाटली.

संध्याकाळी किल्लीवाला आला, हात गळ्यात अडकवलेला. मला वाटलं चहाला आला. त्याने खिशातून माझ्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "साहेब, ही आता तुमच्याकडे ठेवा. उद्या या जिन्यात कुणाचं काही हरवलं तर किल्ली कुणाकडे होती, हे विचारतील." मी म्हटलं, मी सांगेन ना त्यांना! तो म्हणाला, "तुम्ही सांगाल. पण ऐकू कुणाला जाईल?" त्याने टोमणा मारला नाही. मला मात्र लागला. तो गेल्यावर मी चिमण्याला फोन करून नाही नाही ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाला, "मामा, तू तर बोलूच नकोस." एवढा उर्मटपणा कधी केला नव्हता त्याने.

पुटपुट्या


२ मार्च

पुटपुट्या,

उशीर झाला. लिहावं की नको, हेच ठरत नव्हतं.

चिमण्या निवडून आल्यावर इथे आला होता, पाया पडायला. बरोबर चार जण होते, त्यांना मी अंगणातच बसवलं. हा आत येऊन स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसला, तसाच लहानपणासारखा, भिंतीला टेकून. मी काही विचारलं नाही, कांदा चिरत राहिले. त्याचा त्यानेच विषय काढला.

म्हणाला, "आई, मी ते वाक्य म्हणणार नव्हतो."

मी सुरी खाली ठेवली.

म्हणाला, "पटांगणात सगळ्यांत मागे, कुंपणाला टेकून किल्लीवाला उभा होता. कशाला आला होता कोण जाणे, ओळखीचा मुलगा बोलतोय म्हणून आला असेल. 'हा रस्ता आपला आहे' म्हणालो आणि तो दिसला. मी थांबलो. ठरवलं की पुढचं म्हणायचं नाही, 'धन्यवाद' म्हणून खाली बसायचं. पुढारी काय करतील ते करोत. हिंमत होईना म्हणून मामाकडे बघितलं. म्हटलं, त्याने नुसती मान हलवली तरी बसतो. आणि मामाने वाक्य दिलं."

मी म्हटलं, काय?

"मामाने पुढचं वाक्य दिलं, आई. पहिल्या रांगेतून. मला स्वच्छ ऐकू आलं. 'आणि तो आपणच मोकळा करू.' म्हटलं, मामालासुद्धा चालतंय. मग मी म्हणून टाकलं."

बाहेरच्यांना चहा न घेताच घेऊन गेला.

तू मला लिहिलंस, 'अडखळला, मग सावरलं.' कुणी सावरलं ते लिहिलं नाहीस. अक्षर त्या ओळीत जरा बिघडलं होतं, मी तेव्हा दुर्लक्ष केलं. मी तुला विचारलं होतं की त्याला मनापासून वाटतं का. तू उत्तर दिलंस की पाठांतर कच्चं आहे.

मला आत्ता तुझ्याशी याहून जास्त बोलता येत नाही.

अक्का


११ मार्च

अक्का,

खरं आहे.

तुझ्यापासून लपवलं, कारण मी त्याला मोठी गोष्टच समजत नव्हतो. उलट थोडा खूशही होतो. इतक्या वर्षांनी उघड्या मैदानात, लाउडस्पीकरच्या गोंगाटात वाक्य दिलं आणि नेमकं पोचलं, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला पत्ता लागला नाही! घरी आलो तेव्हा बायकोच्या फोटोला सांगितलं होतं मी. आता त्या फोटोकडे बघवत नाही.

तुला एक गोष्ट सांगतो, ती नाटकाबाहेरच्या माणसाला माहीत नसते. नट विसरला आणि प्रॉम्प्टर गप्प राहिला, तर फार तर दोन शिव्या बसतात. पण नट मुद्दाम थांबलाय आणि प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. थांबणं हेच तर नटाचं स्वतःचं असतं, बाकी सगळं लेखकाचं. मी कधी, एकदाही, ही चूक केली नव्हती. विसरलेला माणूस विंगेकडे बघतो, थांबलेला बघत नाही, एवढी साधी खूण. चिमण्याने माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, विसरला. तो भाचा म्हणून मामाकडे बघतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तोंडातून वाक्य गेलं तेव्हा त्याचा अर्थसुद्धा माझ्या मनात नव्हता. म्हणजे टीव्हीवरच्या ज्या लोकांवर मी दिवसभर तोंडसुख घेतो, त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

मी चिमण्याच्या ऑफिसात गेलो होतो. आता ऑफिस आहे त्याला, काचेचं दार, बाहेर बाकावर माणसं. मी म्हटलं, "माझी चूक झाली. तू विसरलास असं वाटलं मला." तो हसला, आणि ते हसू मला आवडलं नाही. म्हणाला, "जाऊ दे मामा. बरंच झालं. नाहीतर आज बाकावर मी बसलो असतो."

किल्लीवाल्याकडेही गेलो. तो आता उड्डाणपुलाखाली एका ओळखीच्या माणसाच्या टपरीत बसतो, डाव्या हाताने जमेल तेवढं करतो. त्याला सांगायचं म्हणून गेलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो. दुसऱ्यांची वाक्यं मला सगळी येतात, अक्का. स्वतःचं एक सुचेना.

पुटपुट्या


१९ मार्च

पुटपुट्या,

रागात पत्र फाडलं, मग चिकटवून परत वाचलं.

तुझी चूक तुझी आहे, ती मी कमी करून देणार नाही. पण सगळीच्या सगळी अंगावर घेऊन मिरवू नकोस. वाक्य तू दिलंस. तोंड त्याचं होतं. मामाकडे बघून जो मुलगा ठरवतो की किल्लीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा की नाही, त्याला मीच नीट वाढवलं नाही, असं मला वाटतं. हा माझा वाटा.

'बरंच झालं' म्हणाला, हे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

इथल्या पेपरात आलंय की तुमच्या पालिकेत रस्त्यावरच्या टपऱ्या आणि हातगाड्या कायमच्या उठवायचा ठराव येणार आहे. म्हणजे उड्डाणपुलाखालूनही. त्यावर चिमण्याला हात वर करावा लागेल किंवा नाही करावा लागेल. तिथे कुणी भाषण लिहून देणार नाही. तू जा आणि बघून मला कळव. मी विचारलेलं अजून तसंच आहे.

अक्का


८ एप्रिल

अक्का,

गेलो होतो.

पालिकेचं सभागृह म्हणजे मोठं काही नाही. वर्गासारखी लाकडी बाकं आणि शेवटच्या बाकामागे कठडा. कठड्यामागे लोकांना बसायला खुर्च्या. चिमण्या नवा म्हणून शेवटच्या बाकावर, म्हणजे बरोबर माझ्या पुढ्यात. हात लांबवला असता तर कॉलर धरता आली असती. त्याने मला बघितलं, मान डोलावली. खोटं सांगत नाही, चेहरा उतरलेला होता.

ठराव वाचून दाखवला. एक बाई विरोधात बोलल्या, त्यांना कुणी धड बोलू दिलं नाही. मग अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. पुढच्या बाकांवरचे भराभर वर गेले. चिमण्याचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि तो थांबला, अक्का. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. श्वास खाली होता, खांदे सैल. हा विसरलेला माणूस नव्हता, एवढं ओळखण्यात या वेळी मला चुकायचं नव्हतं.

मी घरून ठरवून गेलो होतो की तोंडाला कुलूप. ज्याचं त्याला ठरवू दे. पण डोळ्यांसमोर ते गळ्यात अडकवलेलं मनगट आलं आणि वाटलं, नको तिथे बोललो, आता बोलायचं तिथे मुकाट बसलो तर माझ्यासारखा करंटा मीच. मी पुढे वाकलो आणि म्हटलं, "नको." एवढंच. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. माझं होतं.

त्याला ऐकू गेलं. त्यात शंका नाही. कान जरासा मागे आला, नटांचा येतो तसा. शेजारच्याला पत्ता नव्हता.

मग चिमण्याने हात वर केला. अर्धवट नाही, सरळ, कोपर ताठ.

वाक्य पोचलं आणि नटाने ते घेतलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बाहेर पडताना व्हरांड्यात तो माझ्याजवळून गेला, लोकांच्या घोळक्यात. माझ्याकडे बघितलं नाही. आता त्याला बघायची गरज राहिली नाही.

तू विचारलं होतंस. हे उत्तर आहे, आणि ते मलाच द्यावं लागतंय याचं फार वाईट वाटतं. शिव्या दे, पण लगेच लिही. घर खायला उठलंय.

तुझा,
पुटपुट्या


१४ एप्रिल

पुटपुट्या,

शिव्या नाहीत.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्याचाही फोन आला. तक्रार करत होता. "मामाने सभागृहात मागून पुन्हा सुरू केलं. म्हातारपणी त्याला कळत नाही कुठे बोलावं. तू सांग त्याला." मी म्हटलं, काय म्हणाला मामा? "नको म्हणाला." मी म्हटलं, ऐकू आलं होतं तुला? मग म्हणाला, "आलं."

मी फोन ठेवला. त्याला ठेवायचा नव्हता बहुतेक, पुन्हा दोनदा वाजला.

मग बसून रडले. शेजारीण आली, तिला सांगितलं कांदा चिरत होते. मुलगा मेल्यावर लोक येतात, बसतात, काही बोलतात. जिवंत मुलासाठी रडायचं तर कांद्याचं नाव सांगावं लागतं. तो उद्या दारात आला तर मी जेवायला वाढीन, एवढं माझ्याने टळणार नाही. पण पाटावर समोर बसून ऐकणार नाही. ते संपलं.

मी पुढच्या गुरुवारी दुपारच्या गाडीने येते आहे. त्याला कळवू नकोस. तुझ्याकडे उतरेन, खोली झाडून ठेव, आणि मी आल्यावर गुडघ्याचा व्यायाम माझ्यासमोर करायचा. पण आधी स्टेशनवरून सरळ त्या टपरीत जायचं, उठवायच्या आत. माझ्या मुलाने ज्याचं मनगट मोडलं, ते मला बघायचंय, नीट बसवलंय की नाही. पट्टी बरोबर घेते आहे.

त्या माणसाला मी काय म्हणणार, हे मला आत्ता माहीत नाही. गाडीत सुचेल किंवा सुचणारही नाही. तू जवळच उभा राहा. पण तिथे मी बोलता बोलता थांबले, तर मला थांबू दे.

अक्का